बोडक्या डोंगराचे ऐन

जंगल खात्यात नोकरी केली म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "वाघ पाहिलात का हो?" नाही पाहिला. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत उभी नोकरी गेली, गार्ड म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो, पण वाघ काही मला भेटायला आला नाही. बिबट्या दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा त्यालाच घाई होती.

दुसरा प्रश्न, "मग किती झाडं लावलीत?" याचं खरं उत्तर दिलं की लोक हिरमुसतात. लावली पुष्कळ. खड्डे खणले, रोपं वाहिली, साहेबांच्या हस्ते झारीनं पाणी घातलं, फोटो काढले. पण आज आमच्या भागात जे काही बरं जंगल उभं आहे, त्यातलं फार थोडं आम्ही लावलेलं आहे. बाकीचं आपलं आपण आलं. आमचं काम त्याला येऊ देण्याचं होतं, आणि ते लावण्यापेक्षा कितीतरी कटकटीचं होतं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे पाऊस चार महिने असा झोडपतो की घरातली काडेपेटीसुद्धा पेटत नाही. मग आठ महिने थेंब नाही. इथली झाडं या हवेनं घडवलेली आहेत. उन्हाळ्यात ती पानं टाकून मोकळी होतात, पाणी जपतात. साल जाड, त्यामुळे लहानसहान वणवा अंगावरून निघून जातो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ऐन, साग, धावडा यांना वरून छाटलं तरी ती बुंध्यातून पुन्हा फुटतात. ही झाली हवेची बाजू. दुसरी बाजू माणसाची. एकाच पावसातल्या दोन टेकड्या शेजारीशेजारी असतात. एकीवर चांगली झाडी, दुसरीवर नुसती करवंदाची जाळी आणि पायात घुसणारं कुसळी गवत. वरून पाणी सारखंच पडतं. फरक कोयत्याचा आणि गुरांच्या खुरांचा असतो.

हा फरक कुणाला समजावून सांगणं महाकठीण. नव्वदनंतर मुंबईकरांनी शहापूरच्या बाजूला प्लॉट घ्यायला सुरुवात केली, तेव्हाचे एक गृहस्थ आठवतात. मी तेव्हा शेणव्याकडे होतो. त्यांना म्हणे जंगलाच्या मधोमध राहायचं होतं. जागा घेतली, जेसीबी आणला आणि होतं नव्हतं ते सगळं साफ करून टाकलं. मग माझ्याकडे आले. "आता इथं जंगल लावायचंय. कुठली झाडं द्याल?" म्हटलं, "काल काढलीत तीच." ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. त्यांनी हिरवळ केली, रांगेनं पामची झाडं लावली आणि चैत्रात टँकर लावून ती जगवत बसले. एक दिवस मला बोलावून कुंपणाचा कोपरा दाखवला. जेसीबीचा हात पोचला नव्हता तिथं एक पळस उभा होता, फुलून लालबुंद. "हे कुठलं हो झाड? आणखी मिळेल का?" मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "साहेब, हे तुम्ही विसरलात म्हणून राहिलं." माणूस वाईट नव्हता. पुढं कधी भेटला की त्या पळसाची खुशाली सांगायचा.

पण मला सांगायचं आहे ते बोडक्याबद्दल आणि चांगुणाबाईबद्दल.

मुरबाडच्या पूर्वेला, घाटाच्या पायथ्याशी करवंदवाडी म्हणून एक पाडा होता. खरं नाव वेगळं, पण माणसं अजून आहेत म्हणून बदललं. पाड्याच्या डोक्यावर एक डोंगर होता. सगळे त्याला बोडकाच म्हणत आणि त्यात काही खोटं नव्हतं. आधी कोळसा पाडणाऱ्यांनी त्याला खरवडला होता, मग जळाऊ लाकडासाठी लोकांनी, आणि उरलंसुरलं गुरांनी. पावसाळ्यात तांबडं पाणी ओढ्याला यायचं आणि ओढा दिवाळीच्या आतच कोरडा पडायचा. आमच्या खात्यानं माझ्याआधी दोनदा तिथं लागवड केली होती. दोन्ही वेळा पैसा आणि मेहनत पाण्यात. रोपं शेळ्यांनी खाल्ली, राहिली ती उन्हानं.

माझी बदली तिथं झाली तेव्हा नवे रेंजरसाहेब आले होते. तरुण, पण डोकं ठिकाणावर असलेला माणूस. मला म्हणाले, "तिसऱ्यांदा खड्डे खणायच्या आधी एकदा नुसतं फिरून येऊ." फिरलो. मी कोयतीच्या टोकानं गवत बाजूला करत चाललो होतो आणि पावलापावलाला खुंट लागत होते. ऐनाचे, सागाचे, धावड्याचे. घोट्याएवढे वर, पण बुंधा मांडीएवढा जाड. प्रत्येकाला बोटाएवढे दहा-पंधरा धुमारे फुटलेले, शेंडे कुरतडलेले. मी एकाची साल नखानं खरवडली. आत हिरवीगार. म्हटलं, "साहेब, हा डोंगर बोडका नाही. याचे केस रोज कापतात म्हणून तसा दिसतो." खाली जुनं जंगल मुळांच्या रूपात जिवंत होतं. त्याला नवीन रोपांची गरजच नव्हती. धुमाऱ्यांतला एक जोरकस राखायचा, बाकीचे काढून टाकायचे, म्हणजे सगळी ताकद त्या एकाला मिळते. याला आम्ही विरळणी म्हणतो. आणि मग काही वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, "पाच वर्षं पूर्ण बंदी. कुऱ्हाड नाही, गुरं नाही."

उतरताना पायथ्याशी मी जे पाहिलं, त्यानं थबकलोच. तिथं पाच-सहा ऐन उभे होते, चांगले उंच, घेरदार. आणि एकाच्या शेंड्याजवळ एक बाई, लुगडं खोचून, एका पायानं खोडाला आकडी घालून फांद्या तोडत होती. आमच्या भागात झाडावर पुरुष चढतात. बाया खाली भारे बांधतात. मी खालून ओरडलो, "ए बाई, उतर खाली! सरकारी झाड आहे!"

वरून आवाज आला, "थांब रं जरा. अर्धवट सोडली तर फांदी लटकंल, सालटं फाटंल. मंग तूच बोंबलशील."

तिनं आधी फांदीला खालच्या अंगानं एक घाव घातला, मग वरून दोन. फांदी सरळ तुटून पडली, सालीला चीर नाही. मग सरसर उतरली, पदरानं घाम पुसला आणि साहेबांसमोर उभी राहिली. "हां. आता काय ती शिक्षा कर." तिथं सगळ्यांना तू म्हणतात. कलेक्टर आला तरी तू. साहेबांना ते नवीन होतं. ते इकडंतिकडं बघायला लागले.

ती चांगुणाबाई मेंगाळ. पन्नाशीच्या आसपासची विधवा. घरात मुलगा आणि सून, डोंगराला लागून भाताची थोडी खाचरं. ती फांद्या तोडत होती राबासाठी.

राब म्हणजे काय, तर भाताचं रोप जिथं पेरायचं तो तुकडा आधी भाजून काढायचा. हिवाळ्यात झाडांच्या पानांसकट फांद्या तोडून भारे करून ठेवतात, त्याला टहाळ म्हणतात. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर शेण, टहाळ, गवत आणि वर माती असे थर देऊन पेटवतात. तण मरतं, राख मिसळते आणि पाऊस लागला की रोप तरारून वर येतं. राब नसेल तर रोप पिवळं, आणि रोप पिवळं तर वर्षभराचा तांदूळ गेला. टहाळात ऐन सर्वांत चांगला.

आम्ही बंदीचं सांगितलं तशी ती खालीच बसली. ओरडली नाही. म्हणाली, "पाच साल राब नाय, म्हंजे पाच साल भात नाय. मंग आमी काय करायाचं? भट्टीवर जायाचं. माझा नवरा भट्टीवरच गेला, साहेब. ताप आला, मुकादम बोलला उद्या बघू, आन् उद्या तो नव्हताच. तवापासून ठरवलंय, पोराला आन् सुनंला घेऊन मी तिथं पाय ठेवायची नाय. डोंगर बोडका राहिला तर राहू दे."

दिवाळी झाली की आमच्याकडचे पाडेच्या पाडे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. मी त्या पाड्यांतून उन्हाळ्यात फिरलो आहे. दाराला काट्याची फांदी लावलेली, अंगणात कुत्रंसुद्धा नाही. तिचं म्हणणं मला पटलं, पण अंगावर वर्दी होती. मी म्हणालो, "मग सगळेच तोडत बसले तर डोंगर कधी उठायचा?"

"सगळे आन् मी एक का?" आता मात्र तिचा आवाज चढला. "माझी झाडं बघ आन् बाकीचे खुंट बघ. सासरा शिकवून गेला. या साली हे झाड, पुढल्या साली ते, तिसऱ्या साली पलीकडचं. एकदा तोडलं की दोन सालं त्याला हात नाय. पाण्याची पाळी असते ना रं, तशी टहाळाची पाळी. शेंडा कधी तोडायचा नाय. पूर्वी समदा पाडा पाळीनं तोडायचा. मंग कोळसेवाले आले, झाडं कमी झाली, माणसं वाढली. पाळी मोडली ती मोडली."

तिथं त्या ऐनाखाली आमचं चांगलंच भांडण झालं. मी खुंटांचं सांगत होतो, तर तिला ते पटेना. "एक राखून बाकीचे तोडायचे? दहा जीव मारून एक जगवायचा?" मी म्हणालो, करून दाखवतो. तिनं विचारलं, "आन् ते तोडलेले धुमारे? त्यांचा पाला कोणाचा?" आम्ही दोघांनीही एकदमच साहेबांकडे पाहिलं. विरळणीत निघालेला पाला राबाला चालणार होता! पहिली दोन-तीन वर्षं डोंगरावरून तेवढाच न्यायचा, पायथ्याची मोठी झाडं पाळीनं तोडायची, आणि बाकी डोंगराला हात लावायचा नाही. साहेब थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "कागदावर काय लिहायचं ते मी बघतो. पण पाळी मोडली तर मी बंदी आणीन." तेव्हा गावकऱ्यांना बरोबर घेऊन जंगल राखायची योजना नुकतीच येऊ घातली होती, त्यामुळे ते निभलं.

पाड्याला तयार करणं सोपं गेलं नाही. तिचा धाकटा दीर गोविंद सर्वांत हट्टी. त्याच्या शेळ्या होत्या. "झाडं वाढून मला काय सावली खायाची हाय?" म्हणायचा. चांगुणाबाईनं त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण महिन्याभरात त्यानं शेळ्या पलीकडच्या माळावर न्यायला सुरुवात केली. मला वाटतं, तिच्या तोंडाला तो घाबरायचा. मीही घाबरायचो.

पहिल्या वर्षी बघणाऱ्याला काहीही दिसलं नसतं. नुसतं गवत. गुरं नाहीत म्हणून ते कमरेएवढं वाढलं आणि माझा जीव टांगणीला लागला, कारण एक बिडी पडली असती तर सगळं खाक. पाड्यानं गवत कापून नेलं आणि डोंगराभोवती पट्टा साफ करून जाळून घेतला, म्हणजे बाहेरची आग आत येऊ नये. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र डोंगराकडे बघताना हसू यायला लागलं. राखलेले धुमारे माणसाच्या डोक्यावर गेले. जुनी मुळं खोलवर पाण्याला पोचलेली, त्यामुळे लावलेलं रोप दहा वर्षांत जेवढं वाढलं नसतं तेवढं हे तीन वर्षांत वाढलं. करवंदाच्या जाळ्या आम्ही मुद्दाम ठेवल्या होत्या. त्यांच्या काट्यांच्या आडोशाला मोहाची, बिब्ब्याची, कुणीही न लावलेली रोपं उठली. पक्षी बिया टाकून गेले असणार. पालापाचोळा साठला, त्याखाली माती मऊ झाली. ओढ्याचं पाणी निवळलं आणि पौषापर्यंत टिकायला लागलं.

मधे माझी बदली कसाऱ्याकडे झाली, पण सुट्टी मिळाली की मी मुरबाडला यायचो आणि जीप पकडून करवंदवाडीला जायचो. बायको म्हणायची, "तिकडं दुसरं घर केलंय का?" काय सांगणार तिला? एक डोंगर बघायला जातो म्हटलं असतं तर जास्तच संशय आला असता. पुढं पुन्हा मुरबाडला आलो तोवर बोडक्यावर आत शिरलं की आकाश तुकड्यातुकड्यानं दिसायचं. पाड्यातलं प्रत्येक घर पाळीनं तोडत होतं. कुणाच्या झाडाचा शेंडा गेला तर चांगुणाबाई अख्ख्या पाड्यासमोर त्याची खरडपट्टी काढायची. मी नोकरीत मोठमोठे साहेब पाहिले, पण जंगलावर एवढी हुकूमत चालवणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. हे मी अगदी मनापासून लिहितो आहे.

आणि मग ते साल आलं. दोन हजारनंतरचं. सुरुवातीला पाऊस चांगला झाला, आणि भात पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना जो गेला तो परत आलाच नाही. हस्त कोरडा गेला. लोंब्या वर आल्या, पण हातात घेऊन दाबल्या की नुसतं फोल. पाड्याच्या घराघरांतल्या धान्याच्या कणग्या रिकाम्या राहणार हे दसऱ्यालाच कळून चुकलं.

अशा वेळी वास काढत येणारी माणसं असतात. एक लाकडाचा ठेकेदार पाड्यात आला. बोडक्यावर आता सरळसोट ऐन-साग उभे होते. तो म्हणाला, रातोरात काढतो, धान्याची पोती घरापोच करतो, तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा. ही बातमी मला लागली तशी मी पाड्यावर गेलो. सगळे समाजमंदिराच्या ओट्यावर बसले होते. मी कायदा सांगितला, गुन्हा दाखल होईल म्हणालो. सगळ्यांनी ऐकून घेतलं, कुणी उलटून बोललं नाही. पाड्यानं ठरवलं तर मी आणि माझा एक गार्ड काय करणार होतो? हे त्यांनाही माहीत होतं.

गोविंद उठला. "साहेब, तुझा राग नाय. पण हा डोंगर कोणी वाढवला? आमी. आमच्या शेळ्या बंद केल्या, आमची कुऱ्हाड बंद केली. मंग आता पोरं उपाशी हायत तर आमीच तोडू. यात चोरी कुठं हाय?"

खरं सांगतो, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

चांगुणाबाई मागं बसली होती. ती उठून पुढं आली नाही, बसल्या जागेवरूनच बोलली. "गोविंदा, ठेकेदार शेंडा ठेवणार हाय का? तो बुडातून काढणार, आन् बुडाला टायर लावून जाळणार, म्हंजे कोणाला दिसू नये. मंग फुटणार कुठून रे ते? या साली पोती खाशील. पुढल्या साली टहाळ कुठनं आणशील?"

"मंग या साली खायाचं काय, वैनी?"

तिनं मुलाकडे आणि सुनेकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी चालली भट्टीवर. पोरगा आन् सून बरोबर. ज्याला निघायचं असंल त्यानं निघावं. पण डोंगराला हात नाय लावायचा."

तिच्या नवऱ्याचं सगळ्यांना माहीत होतं. भट्टीचं नाव काढलं तरी ती उठून जायची, हेही माहीत होतं. गोविंदनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. ठेकेदाराला दुसऱ्या दिवशी नकार गेला.

दिवाळीनंतर ती निघाली, तिच्यामागं आणखी तीन घरं. जाताना मला म्हणाली, "माझी पाळीची झाडं या साली तशीच राहू दे. मी नाय तर राब करणार कोण? त्यांना एक साल फुकटचं मिळंल." आणि मग हलक्या आवाजात, "लक्ष ठेव रं." मी हो म्हणालो.

माघात एक दिवस मुरबाडच्या स्टँडवर एका जीपवाल्यानं मला हाक मारली. भट्टीवरून निरोप होता. "मेंगाळ बाईनं सांगितलंय, भट्टीवर ऐन आलाय. साहेबाला बोल, डोंगर बघ."

बोडक्यावरचे ऐन तोडून नेले की काय? जेवण टाकून मी मोटरसायकल काढली आणि करवंदवाडी गाठली. अख्खा बोडका पायाखाली घातला. एकही खुंट ताजा नव्हता. पायथ्याला गोविंद भेटला. विचारलं, तर तो चांगलाच दुखावला. म्हणाला, "रोज फेरी मारतो मी. पुरा डोंगर. कोणी सांगितलं पण नाय मला."

दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर गेलो. खाडीकडचा सपाट मुलूख, जिकडं बघावं तिकडं धूर आणि विटांच्या रांगा. चांगुणाबाई चिखल तुडवत होती. गुडघ्यापर्यंत माखलेली, चेहरा काळवंडलेला. मला बघून चिखलातच थांबली. "गेला का?" एवढंच विचारलं.

"आहे. जसाच्या तसा आहे. गोविंद राखतोय."

ती बाहेर आली आणि लाकडाच्या ढिगापाशी मला घेऊन गेली. वीट भाजायला आलेलं लाकूड. ट्रक आला की ती काम सोडून ओंडके बघायला जायची म्हणे, मुकादम शिव्या द्यायचा. त्या दिवशी ऐन आला होता, मगरीच्या पाठीसारखी साल, ओळखायला चुकणार कशी? "मला वाटलं आपलाच. सालीवर हात फिरवून जुने घाव शोधले. घाव नव्हते. तरी जीव थाऱ्यावर नव्हता." तो ऐन कुणाच्या तरी मालकीच्या टेकडीवरचा होता, परवान्यानं तोडलेला, कागद सगळे बरोबर. त्या वर्षांत अशा किती टेकड्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या, आणि माझ्या हातात काहीही नव्हतं. ती खंत अजून आहे. मी तिला म्हटलं, "आता चल परत, काहीतरी बघू." तिनं मान हलवली. घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय मुकादम सोडणार नव्हता, आणि तिला कुणाच्या उपकारात राहायचं नव्हतं.

वैशाख संपता संपता ती परत आली. मी त्या दिवशी पाड्यावर होतो, मुद्दामच. टेम्पोतून उतरली ती घराकडे गेलीच नाही, आधी खाचराकडे निघाली. मी मागोमाग. बांधावर पोचली आणि उभी राहिली.

तिच्या राबाचा तुकडा काळाभोर होता. व्यवस्थित भाजलेला, कडेनं काटेरी कुंपण घातलेलं, पेरणीला तयार.

तिनं झटकन वर पाहिलं. तिचे ऐन नव्या पालवीनं भरून उभे होते, एक फांदी कमी नव्हती. तशी ती फिरली आणि तिचा आवाज सगळ्या शिवारात घुमला. "गोविंदा! कोणाची झाडं तोडली रे? कोणाची पाळी मोडली? यासाठी गेली होती का मी तिकडं?"

गोविंद खालच्या खाचरातून वर आला. हात झटकत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "कोणाची पाळी नाय मोडली, वैनी. घरटी दोन दोन भारे काढले. आपल्या आपल्या टहाळातले. चारी घरांचे राब केले."

तिनं आधी त्याच्याकडे बघितलं. मग शिवाराकडे बघितलं. मीही तेव्हाच नीट बघितलं. खाली प्रत्येक घराचा राबाचा तुकडा काळा दिसत होता, आणि प्रत्येकाच्या कडेला एक पट्टा न भाजलेला, मातीच्या रंगाचा राहिला होता. कुणाचा वीतभर, कुणाचा हातभर. पाला कमी पडला होता ना.

तिनं पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मलाही राहवलं नाही, मी दुसरीकडे बघायला लागलो. गोविंद मुकाट्यानं कुंपणाचा एक काटा उगाच सारखा करत बसला.

ती खाली वाकली, मूठभर राख उचलली आणि बोटांनी चुरून बघितली. मग मला म्हणाली, "नवरा गेला ना, त्या सालीबी मी भट्टीवरून अशीच आली होती, साहेब. एकटी. हितंच उभी राहिली होती. तवा कोणी राब केला नव्हता. ही जागा पांढरीच होती."